चीता कॅम्पची कंजी

बेस्टची बस डायमंड गार्डनच्या सिग्नलला थांबली ती थांबलीच. पुढे एक रिक्षा. तिच्या मागच्या काचेवर साईबाबांचं चित्र आणि चित्राच्या दोन बाजूंना दोन शब्द. डावीकडे श्रद्धा, उजवीकडे सबुरी. रिक्षावाला मात्र हॉर्नवरचा अंगठा काढायला तयार नव्हता. सिग्नल लाल, त्याच्यापुढे सिमेंटचा मिक्सर, मिक्सरच्या पुढे काय ते कोण जाणे, आणि हा गडी आपला पों पों करतोय. शेवटी बसमधली एक बाई खिडकीतून ओरडली, "अरे बाबा, मागे काय लिहिलंयस ते तूच एकदा वाच की!" सगळी बस हसली. मीही हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, म्हणून ते लक्षात राहिलं.

सबुरी म्हणजे मूळचा अरबी 'सब्र'. तो मराठीत कधी आला आणि कधी घरचा होऊन बसला, ते आता कुणी विचारत नाही. शिर्डीच्या पडक्या मशिदीत राहून तिला द्वारकामाई म्हणणारा फकीर १९१८ साली गेला, पण त्याच्या नावानं हा शब्द महाराष्ट्रभर रिक्षांच्या पाठीवर बसून फिरतो आहे. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत तर तो दिवसातून दहादा ऐकू यायचा. आजी म्हणायची, "सबूर, भाकरी तव्यावर आहे." माझ्या बायकोचाही हा लाडका शब्द. मी चप्पल पायात अडकवून दारात उभा असायचो आणि ती आतून ओरडायची, "सबूर!" त्यात उपदेश नसायचा. पदर सारखा करेपर्यंत थांबा, एवढाच अर्थ.

गेल्या ऑगस्टात ती गेली. त्या दिवसापासून हा शब्द मला सोसेनासा झाला.

जनाजा उचलण्याआधी आणि उचलल्यावर निदान साठ-सत्तर जणांनी मला मिठी मारून एकच गोष्ट सांगितली. सब्र करो, मास्टर. अल्लाह सब्र करणाऱ्यांच्या सोबत असतो. सगळे भले लोक. पण सत्तराव्या मिठीपर्यंत मला वाटायला लागलं की हे माझ्या तोंडाला बूच लावतायत. मी रडलो तर त्यांना अवघड होणार, म्हणून मी सब्र करायचा. त्यानंतर मी मशिदीत जायचो तो मागच्या रांगेत उभा राहायचो आणि सलाम फिरवला की चपला शोधायला लागायचो.

दोन वर्षं तिचं डायलिसिस चाललं होतं. आठवड्यातून तीन वेळा, दर खेपेला चार तास. ज्यांच्या घरी हे झालं आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एकच सांगतो. मूत्रपिंडं थकली की पाणी मोजून प्यावं लागतं. तिला दिवसाला लिटरभर, आणि त्यातच चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं आलं. तिनं एका स्टीलच्या पेल्याला आतून लाल नेलपॉलिशची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेपर्यंत भरायचा, दिवसातून इतक्या वेळा, बस. मे महिन्यात बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून ती अर्धा तास काढायची. रमजान आला की मी रोजे धरायचो आणि ती धरू शकत नाही म्हणून रडायची. मी म्हणायचो, अगं, तुझा रोजा बारमाही आहे. हे मी थट्टेत म्हणायचो. आता तोंडाला कोरड पडली की तेच वाक्य घशात अडकतं.

तर यंदाच्या रमजानात एका सकाळी चाचांचा फोन आला. चाचा माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठे, पण स्टेशनच्या आसपासची सगळी दुकानं त्यांना चाचा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. धंद्यानं सुतार. आमच्या घरातली कपाटं त्यांच्या हातची. तिला रिक्षात चढता येईना तेव्हा त्यांनी सागवानाचा एक बुटका पाट करून दिला होता, एका बाजूला बोटं अडकवायला खाच असलेला, रिक्षात सीटखाली सरकेल इतकाच. पैसे घेतले नाहीत. फोनवर म्हणाले, "मास्टर, अकेले रोजा नका खोलू. एक दिन इधर या. कंजी पियेंगे." त्यांची मराठी आणि हिंदी अशीच हातात हात घालून चालतात. मधूनच तामिळही मध्ये घुसते.

चाचा राहतात चीता कॅम्पला. चेंबूर स्टेशनपासून सहा-सात किलोमीटर. चाळीस वर्षं मी चेंबुरात राहतोय आणि एवढ्या वर्षांत तिकडे फक्त दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा मयतीला.

*

चेंबूर हे नाव चिंबोरीवरून पडलं म्हणतात. खाडी आणि खेकडे पाहता पटण्यासारखं आहे. कुर्ल्याहून इथवर रेल्वेचा फाटा आला तो १९०६ साली, पण माणसांसाठी नव्हे, शहराचा कचरा वाहून आणायला. माणसांना त्या रुळांवरून जायची मुभा मिळाली १९२४ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी. मला हे फार बोलकं वाटतं. मुंबईला जे जवळ नको होतं आणि ज्याच्यावाचून तिचं भागतही नव्हतं, ते सगळं तिनं या बाजूला सारलं. देवनारचा कचरा, माहुलकडच्या तेलशुद्धीकरणाच्या चिमण्या, १९७१ पासून देवनारचा कत्तलखाना. फाळणीनंतर सिंधहून आलेले निर्वासितही इथेच, चेंबूर कॅम्पात, आणि त्यांनी बघता बघता ओसाड बराकींची बाजारपेठ करून टाकली. ते शिकायला कुणी कुठल्या विद्यापीठात जात नाही.

सिग्नल सुटला. उजव्या-डाव्या हाताला टॉवर. आर. के. स्टुडिओ जिथे होता तिथेही आता टॉवरच. १९४८ साली उभा राहिलेला स्टुडिओ २०१७ च्या सप्टेंबरात जळला, दोन वर्षांत जागा बिल्डरकडे गेली. बसमधल्या कॉलेजच्या पोरांनी त्या दिशेला मानही वळवली नाही. मग समाजविज्ञानवाली टाटा संस्था, झाडांच्या आड. तिच्या अलीकडेच डावीकडे गोवंडीकडे रस्ता फुटतो. तिकडेच पुढे कबरस्तान आहे. तो फाटा आला की मी मोबाइल बाहेर काढून काहीतरी वाचतो. त्या दिवशी विजेच्या बिलाचा मेसेज दोनदा वाचला.

मग अणुशक्तीनगर सुरू होतं आणि त्याबरोबर भिंत. उंच, लांब, वर तार, आत गर्द झाडी. या भिंतीपलीकडे १९५६ च्या ऑगस्टात अप्सरा नावाची अणुभट्टी सुरू झाली. आपल्या देशातली, नव्हे आशियातली पहिली असा तिचा मान. शाळेत मी हा धडा इतक्या वेळा शिकवला की तारीख झोपेतही सांगेन. पण त्या धड्यात भिंतीच्या अलीकडे कोण राहत होतं ते नव्हतं, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. चाचा तिथेच राहत होते. जनता कॉलनीत.

*

चीता कॅम्पच्या तोंडाशी उतरलो तेव्हा चार वाजून गेले होते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं. मोबाइल, बुरखे, चिकन, एका दुकानाची पाटी तामिळमध्ये, शेजारची मल्याळममध्ये, तिच्या शेजारी उर्दू, आणि सगळ्यांच्या वर नगरसेवकाचा मराठी फलक. वस्तीचे सेक्टर पाडलेले आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावं. चाचा नाक्यावरच उभे होते, डोक्यावर जाळीची टोपी, खिशात सुताराची पेन्सिल. साठी उलटून किती वर्षं झाली, तरी पेन्सिल जात नाही.

"अजान होणार. चला."

आम्ही कोकणी आणि ही तामिळ किनाऱ्यावरची मंडळी, दोघेही शाफई पंथाचे. अरबी गलबतं ज्या ज्या बंदराला लागली तिथे तिथे बहुधा शाफई मुसलमान सापडतो, मग ते बाणकोट असो की रामनाथपुरम. उत्तरेकडचे बहुतेक हनफी. दोघांत फरक फार बारीक. त्यातला एक म्हणजे असरची नमाज, दिवस कलतानाची. आमची लवकर होते, त्यांची पाऊण एक तासानं. चीता कॅम्पात या मशिदीत नमाज संपते तेव्हा त्या मशिदीत अजून अजान व्हायची असते. पावसाळ्यात हे बरं पडतं, चाचा म्हणाले, एखादी चुकली तर दुसरीकडे मिळते.

लहानपणी मी कुरआन नाजिरा पढलो, म्हणजे अक्षरं ओळखून घडाघडा वाचायचं, अर्थाशी संबंध नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचं असंच. ती गेल्यावर रात्र रात्र झोप येईना, तेव्हा मी मराठी भाषांतर आणि एक जुना अरबी कोश घेऊन बसायला लागलो. मास्तरकीची खोड, दुसरं काय. त्यात असर याच नावाचा एक छोटा अध्याय आहे, एकशेतिसरा. तीन आयतींचा. पोराटोरांनाही पाठ असतो, कारण घाईच्या नमाजेत तोच बरा पडतो. असर म्हणजे काळ, असर म्हणजे उतरती दुपार, आणि त्या शब्दाचं मूळ शोधत गेलो तर तिथे पिळण्याचा अर्थ निघाला. गल्फात राहून आलेला आमच्याकडचा कुठलाही माणूस सांगेल की तिकडे ज्यूसला असीर म्हणतात. त्याच धातूतला शब्द. चेंबूर स्टेशनबाहेर रसवंतीवाला ऊस चरकातून काढतो, दुमडतो, मध्ये आलं-लिंबू ठेवतो आणि पुन्हा घालतो, तिसऱ्यांदा घालतो, ते आठवलं. डायलिसिसच्या खोलीतले चार तासही आठवले.

पण मला अडवलं ते शेवटच्या आयतीतल्या एका क्रियापदानं. काळ माणसाला तोट्यात नेतोच, त्यातून सुटणाऱ्यांची खूण तिथे सांगितली आहे आणि त्या खुणेत सब्र आहे. हे मला लहानपणापासून ऐकून माहीत. कोशात पाहिलं तेव्हा कळलं की 'तवासौ' हे क्रियापद परस्परांचं आहे. म्हणजे मराठीत नुसतं 'सांगणं' वेगळं आणि 'एकमेकांना सांगणं' वेगळं, तसं. अरबीत ते क्रियापदाच्या घडणीतच असतं. म्हणजे उभ्यानं बसलेल्याला सांगायचं असा तो प्रकार नव्हे. ज्यानं सांगायचं त्यानंही ऐकायचं. साठ-सत्तर मिठ्यांत मला जे खटकलं होतं त्याला त्या रात्री व्याकरण सापडलं. व्याकरण सापडलं की मास्तरला बरं वाटतं, पण दुखायचं थांबत नाही.

*

नमाजेनंतर चाचांनी मला मशिदीमागच्या बोळात नेलं. तिथे चुलाणावर देग चढलेली. दुपारच्या नमाजेपासून कंजी शिजत होती. कणीचे तांदूळ, मुगाची डाळ, मेथ्या, आलं-लसूण, खिमा, पुदिना, आणि शेवटी नारळाचं दूध. एक दांडगा माणूस वल्ह्याएवढ्या लाकडी पळीनं ढवळत होता. रोजा असल्यानं चव बघायची सोय नाही. मीठ नुसत्या अंदाजानं. मी विचारलं, चुकत नाही का? तो म्हणाला, "चुकता है ना. तो पूरा मोहल्ला एक साथ गाली देता है. फिर दूसरे दिन बराबर होता है."

बोळात पोरं रांगेत. प्रत्येकाच्या हातात भांडं. कडीचे डबे, किटल्या, एकाकडे रंगाची रिकामी बादली, घासूनपुसून चकचकीत केलेली. कुणाच्या घरी किती माणसं हे पळीवाल्याला ठाऊक होतं. एका मुलीनं डबा पुढे केला तर त्यानं अर्धाच भरला आणि विचारलं, "अप्पा अजून गावालाच?" तिनं मान हलवली.

"गेल्या साली भाभींनी फिदया दिला होता ना," चाचा हळूच म्हणाले, "त्या गल्लीतल्या एका घरी दिला. तांदूळ, डाळ, तीस दिवसांचं." ज्याला रोजा धरता येत नाही त्यानं एकेका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं, तो फिदया. तिनं पैसे चाचांकडे दिले होते, मला माहीत होतं. कुणाला दिले ते मी विचारलं नव्हतं आणि आताही विचारलं नाही. घर कोणतं ते चाचांनीही दाखवलं नाही.

मग आम्ही खाडीच्या बाजूला चालत गेलो. पुढे तिवरं, त्यापलीकडे पाणी, पाण्यापलीकडे नवी मुंबईच्या इमारती. ओहोटी होती. चिखलाचा तो ओळखीचा उग्र वास. चाचा थांबले आणि पायानं जमीन ठोकली.

"मास्टर, ये सब भरणी है. आमच्या हाथची."

जनता कॉलनी स्वातंत्र्याच्या आसपासची. तेव्हाही शहरातून उठवलेल्या माणसांनाच पालिकेनं तिथे आणून सोडलं होतं. मग शेजारी अणुकेंद्र वाढलं आणि त्याला जागा हवी झाली. वस्तीतले लोक तयार नव्हते. त्यांचा म्होरक्या होता जॉकिन अर्पुथम. कोलारच्या सोन्याच्या खाणींकडून आलेला, धंद्यानं सुतार, धर्मानं ख्रिस्ती, आणि त्याच्या मागे तामिळ मुसलमान, मराठी दलित, केरळी, भय्ये सगळे. वस्तीतला कचरा पालिका उचलत नाही म्हटल्यावर त्यानं पोरांची फौज उभी केली, कचरा बांधून घेतला आणि तो पालिकेच्या कचेरीच्या दारात नेऊन टाकला. कचऱ्यासाठी रेल्वे टाकलेल्या चेंबूरच्या इतिहासात कचरा उलट्या दिशेनं गेला तो बहुधा तेवढाच. पुढे याच माणसाला २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या ऑक्टोबरात तो गेला.

लढा कोर्टात गेला, दिल्लीपर्यंत गेला. मग आणीबाणी आली. १९७६ च्या जानेवारीत झोपड्यांची गणती झाली, फोटोपास मिळाले, आणि मे महिन्यात बंदोबस्त घेऊन गाड्या आल्या. सुमारे सत्तर हजार माणसं तिथून हलवून इथे आणली. चाचा तेव्हा एकोणीस वर्षांचे. "फक्की मारून ठेवली होती," ते म्हणाले. पांढऱ्या चुन्याच्या रेघा, एका घराला दहा फूट बाय पंधरा फूट. "रेघ छान सरळ. आत पाणी."

पहिल्या अमावास्येच्या उधाणाला फक्की वाहून गेली. कुणाचं घर कुठलं ते पुन्हा मोजावं लागलं.

मग भरणी सुरू झाली. कुठे जुनी इमारत पडली की तिचा मलबा, दगड, विटांचे तुकडे, जे मिळेल ते. रस्त्यापासून आतपर्यंत माणसांची रांग करायची आणि घमेलं हातोहात पुढे द्यायचं. चाचांनी ते करून दाखवलं, त्या कलत्या उन्हात, रिकाम्या हातांनी. कमरेतून वळायचं, घ्यायचं, वळायचं, द्यायचं. ज्याच्या दारात भरणी चालू, तो मोजायचा. तामिळ माणूस तामिळमध्ये मोजायचा, रत्नागिरीवाला मराठीत. चाचांना मराठी आकडे तिथे आले. अजूनही लाकडाचं माप ते मराठीतच मोजतात. इतकी वर्षं मी ते ऐकत आलो आणि मला वाटायचं गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून.

मी विचारलं, "चाचा, इतका सब्र कसा केलात?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सब्र? अरे, हम तो रोज भांडत होतो. पाण्यासाठी भांडलो, लाइटसाठी भांडलो. मोर्चा, अर्ज, पोलीस. सब्र चूप बसायचं नाव आहे का?"

मी मास्तर, मला लगेच उंटाची गोष्ट आठवली. उंट बांधू की अल्लाहवर भरवसा ठेवू, असं एकानं पैगंबरांना विचारलं. आधी बांध, मग भरवसा ठेव, हे उत्तर. गोष्ट मी सांगितली नाही. ज्यानं खाडीत घर बांधलं त्याला उंट काय सांगायचा.

या शब्दाचा फायदा कोण घेतं हेही बघायला हवं. अर्ज विचाराधीन आहे, सबूर करा. यादीत नाव येईल, सबूर करा. ट्रॉम्बे, माहुल, वाशीनाका या पट्ट्यात हे वाक्य ऐकून म्हातारी झालेली माणसं आहेत. २०२१ च्या जुलैत, एका पावसाळी रात्री, वाशीनाक्याच्या भारतनगरात झोपड्यांवर भिंत कोसळली आणि १९ जणं झोपेतच गेली. तिथल्या कुणाला सब्रचा उपदेश करायला माझी जीभ रेटणार नाही, आणि धर्मानं तशी मुभा दिली आहे असं मला वाटतही नाही.

*

घरी चाची फळं चिरत बसल्या होत्या. दहा बाय पंधराचंच घर, पण आता वर एक मजला आणि त्याच्यावर पत्रा. जिना चाचांचा. इतका उभा की हात टेकून चढावं, पण एक फळी करकरेल तर शपथ. भिंतीवर मक्केचं चित्र, त्याखाली पत्र्याची पेटी. चाचांनी तीमधून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, तीतून फोटोपास. फोटोत कुटुंब उभं, म्हातारे वडील, दोन भाऊ, कडेला एकोणीस वर्षांचे चाचा, आणि त्यांच्या शेजारी खांद्यावरून साडी घेतलेली चाची. चाचींच्या कडेवर एक पोर.

"हा कोण? मोठा मुलगा?" मी विचारलं.

चाचा पेटी आवरायला लागले. चाची सफरचंद चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो नाही आता. पहिल्या पावसात गेला. जुलाब झाले. दवाखाना लांब होता, रस्त्याला पाणी."

मी काय बोलणार? तोंडाशी तेच वाक्य आलं, साठ-सत्तर जणांचं. मी ते गिळलं.

"सगळे येऊन बोलायचे, सब्र कर," चाची म्हणाल्या. "मी पण मान हलवायची. एक मराठी बाई होती बाजूला, जनता कॉलनीपासूनची. ती आली, काही बोलली नाही. माझ्या घरचे तांदूळ घेतले, सुपात घातले, निवडत बसली. दुसऱ्या दिवशी आली, परत निवडत बसली. तांदूळ साफ होते, तरी." त्या किंचित हसल्या. "चाळीस दिवस. मग मी बोलले तिला, बाई, आता खडे संपले."

मला पैगंबरांची ती गोष्ट आठवली. एका कबरीपाशी एक बाई रडत होती. जाता जाता त्यांनी तिला देवाला स्मरून धीर धरायला सांगितलं. ती म्हणाली, चालता हो, माझ्यावर पडलंय ते तुझ्यावर पडलेलं नाही. तिनं त्यांना ओळखलं नव्हतं. नंतर कुणीतरी सांगितलं तेव्हा घाबरून त्यांच्या घरी गेली. दारावर पहारेकरी वगैरे कुणी नव्हतं. तिनं माफी मागितली, आणि ते म्हणाले की सब्रची खरी वेळ ती पहिल्या आघाताची. या गोष्टीवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकली, आणि प्रत्येकात शेवटचं वाक्य ठासून सांगतात. मला आता गोष्टीचा मधला भाग जास्त दिसतो. बाई त्यांना हाकलते आणि ते निमूट निघून जातात. वाद घालत नाहीत, मी कोण आहे ते सांगत नाहीत. त्यांच्यावरही पडलेलं होतंच की. आई सहाव्या वर्षी गेली, पोरं डोळ्यांदेखत गेली. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा ते सगळ्यांसमोर रडले. योगायोगानं त्याच दिवशी सूर्यग्रहण लागलं. पोराच्या मृत्यूनं सूर्यही काळवंडला, असं लोक बोलायला लागले. त्यांनी ठणकावून सांगितलं की सूर्य कुणाच्या मरणासाठी झाकोळत नसतो. दुःखात इतकं स्वच्छ डोकं! मला या माणसाची शहाणीव कुठे दिसते म्हणाल तर इथे. आणि याकूब तर मुलासाठी रडून रडून आंधळे झाले, तरी त्यांच्या सब्रला कुरआन सुंदर म्हणतं. मग साठ-सत्तर जणांनी मला रडू नको असं का सांगितलं, कोण जाणे.

यातलं काही मी चाचींना सांगितलं नाही. मी सुरी मागून घेतली आणि पपई चिरायला बसलो. ती फार पिकली होती, फोडी धड होईनात.

सहा पन्नासच्या सुमारास भोंगा झाला, मग अजान, एका मागून एक, चारी बाजूंनी. खजूर, घोटभर पाणी. पाण्याचा तो पहिला घोट मला हल्ली सरळ जात नाही. पेला भरलेला दिसला की मी आत रेघ शोधतो. चाचींनी कंजीचा वाडगा पुढे सरकवला. गरम, दाटसर, नारळाचा गोडवा आणि मागून मेथीचा किंचित कडूपणा. मीठ त्या दिवशी जरा जास्तच होतं.

"पडल्या आता त्याला शिव्या," चाचा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा वाडगा भरून घेतला.

*

निघताना चाचींनी कडीच्या डब्यात कंजी घालून दिली. झाकण घट्ट बसेना म्हणून वरून प्लास्टिक आणि रबर. "डबा माझ्या आईचा आहे," त्यांनी बजावलं. "हरवू नका. परत आणायला तुम्हीच या, कुणाच्या हाती देऊ नका."

बसमध्ये डबा मांडीवर धरून बसलो. कंडक्टरनं वास घेऊन विचारलं, "काय आहे, पायसम?" मी म्हटलं, नाही, खारी आहे. जरा जास्तच. गोवंडीचा फाटा आला तेव्हा दोन्ही हात डब्यावर होते, मोबाइल काढता आला नाही. रस्त्यावर दिव्याखाली टरबुजाची गाडी उभी होती आणि एक कुत्रं सालं हुंगत होतं. मग बस पुढे गेली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना अर्धी कंजी दिली. त्यांनी चव घेऊन ही खिचडी आहे की खीर असं विचारलं आणि मला नीट सांगता आलं नाही. डबा घासून पालथा घातला. रिकामं भांडं परत द्यायची आमच्याकडे रीत नाही, तुमच्याकडेही नसेल. ती असती तर सांदणं केली असती. तिची सांदणं मी तीस-बत्तीस वर्षं खाल्ली. तांदूळ किती, नारळ किती, साखर कधी घालायची, यातलं काहीही मला माहीत नाही. गावी मेहुणीला फोन लावला. ती आधी हसली, मग बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "भावजी, लिहून घ्या. आधी तांदूळ रात्रभर भिजवायचे. घाई करू नका."

डब्यातून तांदूळ काढले. मापाला हाताशी तोच पेला आला. रेघेपर्यंत भरून तीन वेळा घेतले, धुतले, पाणी घातलं आणि वर ताट झाकून ठेवलं.